मून मॉथ उपाशी, टाचणी खादाड

पावसाळा सुरू झाला की मला दोन किड्यांचे फोटो हमखास येतात. एक, बाल्कनीच्या भिंतीवर बसलेला फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा पतंग. दुसरी, तळ्याकाठच्या गवतावरची पिवळीधमक ‘काडी’. पतंगाच्या फोटोखाली प्रश्न ठरलेला: “दमलाय बिचारा, साखरपाणी देऊ का?”

नको. तो आहे मून मॉथ, ॲक्टियास सेलेनी. पंख पसरले की साधारण १२ सेंटीमीटर, पण खाता येईल असं तोंडच नाही! खाणं सगळं अळी असतानाच उरकलेलं. त्या साठ्यावर तो जेमतेम आठवडाभर जगतो आणि तेवढ्यात जोडीदार शोधायचा असतो. नराच्या पिसांसारख्या मिशा त्यासाठीच, अंधारात मादीचा गंध लांबून टिपायला.

ती काडी म्हणजे टाचणी, सेरिॲग्रिऑन कोरोमँडेलिॲनम. चतुराची सडपातळ चुलत बहीण म्हणा ना. चतुर बसताना पंख पसरतो, ही पाठीवर मिटून घेते. हिचं मात्र जन्मभर खाणं चालू. बालपण पाण्यात जातं. तिथे दुमडलेला खालचा ओठ झटकन पुढे फेकून ती डासांच्या अळ्या पकडते. (एकदम एलियन पिक्चर!) पतंगासारखा कोष नाहीच. देठावर चढायचं, कात टाकायची, पंख वाळवायचे आणि थेट चिलटांच्या मागे.

म्हणूनच दोघांना लागणारी मदत वेगळी. पतंगाकडे मोजक्याच रात्री, त्यातली एक आपल्या बल्बभोवती गेली तर? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाय-स्पीड कॅमेऱ्यांनी दाखवलं की किडे दिव्याकडे झेपावत नाहीत, पाठ दिव्याकडे वळवतात. उजेड तिकडे आकाश, असं त्यांचं शरीर धरून चालतं. मग तोल सावरता सावरता गिरक्याच गिरक्या.

तेव्हा फोटो काढा, फ्लॅश न वापरता, आणि बाल्कनीतला लाईट घालवा. साखरपाण्यापेक्षा ते कामाचं.

टाचणीला त्याचा फारसा उपयोग नाही, ती दिवसा उडते. तिला पाण्यातल्या वनस्पतींचे देठ हवेत, कारण अंडी ती त्यांच्यातच घालते. सुशोभीकरणात तळ्याचा काठ सिमेंटचा झाला, गवत साफ झालं, की तिचं घर गेलं. तुमच्या जवळच्या तळ्यावर टाचण्या दिसतात का? फोटो पाठवा, काठासकट.