कासवरूपी देव आणि श्रोत्यांचे हसू : विनोदी अद्भुतिकेच्या समूहवाचनाचा विचार

कादंबरी हा एकान्तात वाचावयाचा वाङ्मयप्रकार आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. छापील ग्रंथ, मूकवाचन आणि एकटा वाचक या तिहींचा कादंबरीच्या उदयाशी असलेला संबंध पाहता हे गृहीतक निराधार म्हणता येत नाही. तथापि विनोदी अद्भुतिकेच्या बाबतीत ते अपुरे पडते. जे घडणे शक्य नाही ते घडलेले दाखवावयाचे आणि त्याच वेळी त्यातून हसूही निर्माण करावयाचे, अशी दुहेरी जबाबदारी हा प्रकार पत्करतो. ती कितपत पार पडली, याची साक्ष एकट्या वाचकापेक्षा वाचकांचा समूह अधिक नेमकेपणाने देतो. शिवाय हा समूह कोणत्या श्रवणसंस्कारांत वाढला आहे, यावर विनोदाचा अर्थही बदलतो. वर्धा जिल्ह्यातील पुलगावलगतच्या नाचणगावसारख्या गावातले वाचकमंडळ डोळ्यांसमोर ठेवून आणि टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) या इंग्रजी लेखकाची ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२) ही कादंबरी उदाहरणादाखल घेऊन प्रस्तुत लेखात या प्रश्नाची मांडणी केली आहे.

१. हास्य, अद्भुत आणि समूह

भरताने हास्य आणि अद्भुत हे दोन स्वतंत्र रस मानले. पहिल्याचा स्थायिभाव हास, दुसऱ्याचा विस्मय. विस्मयात मन थबकते, हास्यात ते सैल होते. विनोदी अद्भुतिकेत या दोन विरुद्ध गतींचा मेळ घालावा लागतो. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत. स्वतः हसणे हे आत्मस्थ, दुसऱ्यास हसविणे हे परस्थ. हा भेद नाट्याच्या संदर्भातला असला, तरी वाचनव्यवहारालाही तो लावून पाहण्याजोगा आहे. एकट्या वाचकाचे हसू बहुधा स्मितापाशी थांबते. समूहात एकाचे हसू दुसऱ्याच्या हसण्याचे कारण होते.

फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात हसणे हे नेहमी एखाद्या गटाचे असते, असे प्रतिपादन केले. प्रवचन ऐकून सारे रडत असता एक माणूस कोरडाच राहिला आणि कारण विचारताच, आपण या परगण्यातले नाही, असे त्याने सांगितले, हा त्यांचा दाखला प्रसिद्ध आहे. अश्रूंविषयी जे खरे, ते हास्याविषयी अधिकच खरे, असे त्यांचे म्हणणे. ऑक्सफर्डमध्ये टोल्कीन आणि सी. एस. लुइस यांच्या ‘इन्क्लिंग्ज’ या मित्रमंडळात अद्भुत कथांची हस्तलिखिते मोठ्याने वाचली जात. त्याच मंडळात अमँडा मॅकिट्रिक रॉस या लेखिकेचे अतिअलंकृत गद्य न हसता कोण अधिक वेळ वाचू शकतो, अशी पैजही लागे. ही पैज एकट्याने लावता येत नाही, हे येथे ध्यानात घ्यावयाचे.

२. श्रवणाची देशी रीत

वाचकमंडळ हा शब्द नवा असला तरी व्यवहार नवा नाही. चातुर्मासात देवळात वा एखाद्याच्या ओसरीवर श्रीधराचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ अथवा ‘नवनाथ भक्तिसार’ लावण्याची रीत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. एकाने ओवी वाचावी, दुसऱ्याने अर्थ सांगावा, श्रोत्यांनी मध्येच शंका काढावी, असा हा क्रम. बकासुराकडे निघालेला अन्नाचा गाडा भीमच फस्त करतो, या प्रसंगी श्रोते हसतात. त्या हसण्याने कथेविषयीचा आदर कमी होत नाही. हास्य आणि अद्भुत यांचे सहअस्तित्व या श्रोत्यांना शिकवावे लागत नाही.

वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) कीर्तन हा या रीतीचा आणखी एक आविष्कार. ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत. उत्तर श्रोतेच देत आणि स्वतःच्याच उत्तरात सापडून हसत. पशुबळी, नवस, कर्ज काढून केलेले सणवार यांवरची ही टीका बाहेरून आलेली वाटत नसे. छापील वाङ्मयात विदर्भातील श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट उभे करून रूढींचे समर्थन करता करता त्यांचे हसे केले. येथेही विनोदासाठी एक लहानसे मंडळच लागले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

३. ओळखीचे आणि परके

प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालेत एकूण ४१ कादंबऱ्या आहेत; त्यांतील ‘स्मॉल गॉड्स’ ही तेरावी. या मालेतील जग सपाट तबकडीसारखे असून ते चार हत्तींच्या पाठीवर आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे आहेत. इंग्रजी वाचकाला ही कल्पना विक्षिप्त आणि परदेशी वाटते. तिची गंमत त्या परकेपणातच आहे. मराठी श्रोत्याला दिग्गज आणि कूर्म ठाऊक असतात. त्यामुळे येथे तो आश्चर्याने हसत नाही, ओळखीने हसतो.

‘स्मॉल गॉड्स’मध्ये ओम नावाचा महादेव भव्य रूपाच्या अपेक्षेने प्रकट होतो आणि कासव होऊन बसतो. देवाचे सामर्थ्य भक्तांच्या श्रद्धेवर अवलंबून असते आणि त्याच्या अवाढव्य धर्मपीठात खरी श्रद्धा उरलेली असते ती ब्रुथा या एका साध्याभोळ्या शिकाऊ सेवकाची. बाकीच्यांना भीती आहे ती पीठाची. हे पीठ जग गोल असल्याचे सक्तीने मानावयास लावते आणि ते कासवावर आहे असे म्हणणाऱ्यांना छळते. गॅलिलिओच्या कथेची ही उलटापालट आहे.

मराठी समूहात या कथेला तीन वेगळे अर्थ येऊन मिळतात. ‘ओम’ हे नाव इंग्रजीत केवळ आटोपशीर. मराठी कानाला तो प्रणव. कासव हे शिवालयात गाभाऱ्यासमोर जमिनीवर कोरलेले, देवाच्या दर्शनाआधी भेटणारे. देवच त्या जागी येऊन बसला, ही कल्पना येथे अधिक तीव्र होते. आणि भक्तावाचून देवाला देवपण नाही, हा विचार तुकोबांनी विठ्ठलाशी भांडताना मांडलेलाच आहे. इंग्रजीत जी विडंबनाची कल्पना, ती येथे भक्तिपरंपरेतील जुन्या तक्रारीचे रूप घेते.

४. वाचनाची पद्धत

या कादंबरीत प्रकरणे नाहीत. बैठका कोठे तोडावयाच्या हे मंडळानेच ठरवावे लागते. प्रसंग पुरा होतो तेथे थांबावे, पृष्ठसंख्येवर नव्हे. तळटीपा हा प्रॅचेट यांच्या विनोदाचा स्वतंत्र भाग असल्याने त्या गाळू नयेत. वाचकाने मजकूर व निरूपकाने टीप सांगावी, म्हणजे पोथीतील दोन आवाजांची वाटणी आपोआप साधते. मूळ इंग्रजी सर्वांना वाचता येणार नाही, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. कादंबरीतला ब्रुथा निरक्षर आहे. तरीही जळत्या ग्रंथालयातील ग्रंथ त्याच्या स्मरणातच सुरक्षित राहतात. ऐकून धारण करणाऱ्याला कमी न लेखणारे हे पुस्तक श्रोत्यांच्या बैठकीला साजेसे आहे. निरूपण प्रमाण मराठीत बांधून न ठेवता कासवाची चिडचिड वऱ्हाडीत येऊ द्यावी. बोलीत देव जवळ येतो.

५. न हसणारा श्रोता

समूहवाचनाची खरी कसोटी मात्र हसणाऱ्यांत नसून न हसणाऱ्यांत आहे. ‘ओम’ या नावाशी एखादा श्रोता गंभीर होईल. एखाद्याला त्यात आपल्या श्रद्धेची थट्टा दिसेल. त्याला विनोद कळला नाही, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. पण मग मंडळ हसणाऱ्यांचा कंपू होतो आणि उरलेले, बर्गसाँ यांच्या शब्दांत सांगावयाचे तर, परगण्याबाहेरचे ठरतात. अशा वेळी हसू कोणावर आहे, हा प्रश्न मोकळेपणी विचारावा. ‘स्मॉल गॉड्स’मध्ये ब्रुथाची श्रद्धा हसण्याचा विषय होत नाही; श्रद्धेच्या नावाने चाललेली भीतीची व्यवस्था होते. गाडगे महाराजांच्या कीर्तनातही हीच रेषा पाळली गेली होती. श्रोत्यांनीच ती चर्चेतून शोधून काढली, तर न हसणाऱ्याचे मौन वाचनाचे अपयश न ठरता त्याचाच एक भाग ठरते.

महाविद्यालयीन अध्यापनात विनोदी अद्भुतिकेला पलायनवादी करमणूक म्हणून बाजूला सारण्याची सवय आहे. उपरोक्त विवेचनावरून दिसते, की हा प्रकार वाचकांना वास्तवापासून दूर नेत नाही. आपण सारे मिळून कशाला भितो आणि कशावर हसू शकतो, याचा हिशेब तो मांडावयास लावतो. तो हिशेब एकट्याने पुरा होत नाही. त्यासाठी चार माणसे, एक वाचक, एक निरूपक आणि शंका काढण्याची मुभा एवढे पुरेसे आहे. आणि ही सामग्री पोथी ऐकत आलेल्या गावाला नव्याने जमवावी लागत नाही.