विहिरीवरचे इंजिन : धाराशिव जिल्ह्यातील डिझेलयंत्राच्या निगेचा मागोवा

धाराशिव जिल्ह्याच्या सिंचनाचा इतिहास सांगताना मोट आणि विजेचा पंप यांच्या मधला डिझेल इंजिनाचा काळ बहुधा दोन ओळींत उरकला जातो. वस्तुतः यंत्रदुरुस्तीची एक ग्रामीण परंपरा त्याच काळात घडली, आणि तो काळ ओसरला तो इंजिने जुनी झाली म्हणून नव्हे, तर पाणी त्यांच्या आवाक्याबाहेर गेले म्हणून.

१९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि विहिरीवर बैलांची मोटच चालत असे. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्याजवळ स्थापन झाली. पुढे राजकोटच्या कारखान्यांतून लिस्टर या इंग्रजी इंजिनाच्या धर्तीवरची मंदगती यंत्रेही देशभर जाऊ लागली. वीज सर्व शिवारांत पोहोचली नव्हती आणि जेथे पोहोचली तेथे तिचा भरवसा नव्हता, त्यामुळे पाच अश्वशक्तीचे, एकाच सिलिंडरचे इंजिन ही बागायतदाराची मुख्य यंत्रसामग्री ठरली.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला सुमारे सोळा पट दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणूनच या यंत्राची बहुतेक दुखणी दाब आणि इंधन या दोन ठिकाणीच सापडतात. व्हॉल्व्ह नीट बसत नसतील किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर दाब गळतो, हँडल हलके फिरते आणि इंजिन पेटत नाही; अशा वेळी हेड उतरवून काजळी खरवडणे आणि व्हॉल्व्ह पूड लावून घासणे हे मिस्त्रीचे नेहमीचे काम असे. टाकी रिकामी होईपर्यंत चालवलेल्या इंजिनाच्या इंधननळीत हवा शिरते आणि इंधनपंप डिझेलऐवजी तीच दाबत बसतो; मग इंधननळीचा नट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे लागते, ज्याला ‘हवा काढणे’ म्हणतात. स्वस्त म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची सवय मात्र महागात पडे, कारण रॉकेलला डिझेलइतके वंगणत्व नसल्यामुळे इंधनपंपाचा बारीक दट्ट्या लवकर झिजतो.

थंड ठेवण्यासाठी विहिरीवरच्या अनेक इंजिनांत पंपाच्याच पाण्याचा एक फाटा बारीक नळीने सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरवला जाई, आणि तेथे बेसॉल्टच्या खडकातून आलेल्या जड पाण्याचा क्षार साचून वाट अरुंद होई. त्यात आणखी एक धोका होता: फूटव्हॉल्व्ह, म्हणजे शोषनळीच्या बुडाशी असलेली एकतर्फी झडप, गळू लागला की पंप पाणी सोडी आणि सोबतच इंजिनाचे थंड होणेही बंद पडे. तापलेल्या यंत्रावर घाईने गार पाणी सोडल्यास हेडला तडा जाण्याची भीती असते, म्हणून ते आधी निवू देणे हाच जाणत्या मिस्त्रीचा नियम.

या यंत्राची खरी मर्यादा भौतिकशास्त्राने आखलेली होती. काठावर ठेवलेला पंप हवेच्या दाबामुळेच पाणी वर ओढतो, आणि ही ओढ प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे जात नाही. बालाघाटाच्या या पर्जन्यछायेतील पठारावर उन्हाळ्यात पातळी त्याहून खाली जाते, म्हणून विहिरीच्या आत कप्पा काढून इंजिन तेथे उतरवले जाई. बंदिस्त जागेतील धूर जीवघेणा ठरू शकत असल्याने हा उपाय सोयीपेक्षा नाइलाजाचाच होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी वाढत गेल्या, आणि शेकडो फूट खोल पाण्यासाठी पाण्यातच बुडून चालणारी विजेची मोटर अपरिहार्य झाली. जमिनीवरच्या इंजिनाला तेथे कसलीही दुरुस्ती उपयोगी पडणार नव्हती.

जेथे पाणी वरच असते, म्हणजे जलाशयांचे काठ, नदीचे डोह आणि शेततळी, तेथे मात्र डिझेल इंजिन अजूनही उपयोगी ठरते. अशा ठिकाणी ते वर्षातील बरेच महिने बंद राहते, आणि झिजेइतकाच गंज त्याचा शत्रू होतो: सिलिंडरभोवतीच्या पोकळीतील पाणी काढून टाकणे, टाकीत ओल धरू नये म्हणून ती डिझेलने भरून ठेवणे आणि अधूनमधून चाक हाताने फिरवून रिंगा चिकटू न देणे, एवढी निगा राखली तर पुढच्या हंगामात ते चालू होते.