गाडी किती खाली, किती कडक?

दिवाळीच्या आठवड्यात उमरग्याच्या हायवेला थांबलं, की पुण्याला आणि हैदराबादला नोकरीला गेलेली पोरं गावी परतताना दिसतात. गाड्यांच्या त्या रांगेत मधूनच एखादी जमिनीला टेकलेली पोलो येते. फाट्यावरून आत वळली, की पहिल्याच गतिरोधकावर ती तिरकी होते आणि एकेक चाक जपून चढवते. चाकणच्या कारखान्यात २००९ ते २०२२ या काळात बनलेली ही गाडी आपल्याकडच्या हौशी चालकांची खरी स्पोर्ट्‌स कार. तिचे मालक नेहमी एकच प्रश्न विचारतात: बुटक्या स्प्रिंगा आणि चांगले शॉकप घालायचे, की थेट कॉइलओव्हर?

ज्याची गाडी उमरग्याच्या रस्त्यांवर चालते, त्याने स्प्रिंग आणि शॉकपची एकमेकांना जुळणारी जोडी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. आणि पैसे मोजताना हात आखडायचाच असेल, तर तो स्प्रिंगेच्या बाबतीत आखडावा, शॉकपच्या बाबतीत नको.

आधी दोघांची कामं नीट वेगळी करू. स्प्रिंग वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का पोटात घेते. पण घेतलेली ऊर्जा ती परत करते, म्हणून गाडी उसळते. ती उसळी जिरवतो शॉकप. त्याच्या आतला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि गाडीच्या उसळीची उष्णता होते. हायवेवरच्या कमानपाट्याच्या दुकानात ट्रकचे पाटे उतरवलेले पाहिलेत, तर त्यांच्यावर घासल्याचे चकचकीत पट्टे दिसतील. पाटे एकमेकांवर घासतात, त्यातच थोडी उसळी मरते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीला पुढे गोल स्प्रिंग होती आणि मागे असेच पाटे. गोल स्प्रिंगेत घर्षण जवळपास नसतंच. ती सर्वस्वी शॉकपवर अवलंबून. मुलुंडला १९६१मध्ये गॅब्रिएल इंडिया सुरू झाली, तेव्हापासून शॉकप बनवणं हा महाराष्ट्रातला मोठा धंदा झाला आहे. तरीही शॉकप बाद झाला, हे मालकाच्या सर्वांत उशिरा लक्षात येतं.

आता कॉइलओव्हर. यात शॉकपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्यावर एक कडं फिरतं आणि त्या कड्यावर स्प्रिंग बसते. आकडा-पान्याने कडं वर-खाली केलं, की गाडीची उंची बदलते. महागड्या संचात शॉकपची उसळी जिरवण्याची ताकदही बाहेरच्या खुंटीने कमी-जास्त करता येते. इथे एक गैरसमज घट्ट रुजला आहे. कडं वर चढवलं की स्प्रिंग कडक होते, असं अनेक जण मानतात. तसं होत नाही. गाडीच्या वजनाखाली दबलेल्या स्प्रिंगेचं कडं चढवलं, तर गाडी वर उचलली जाते, कडकपणा तोच राहतो. तो ठरतो तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेटोळ्यांच्या संख्येवर. जाडीचा तर चौथा घात लागतो: १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटरची तार घेतली, बाकी सगळं तसंच ठेवलं, तरी स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. स्वस्तात गाडी खाली आणायला स्प्रिंग कापणारे म्हणूनच मला धोकादायक वाटतात. वेटोळी कमी झाली की कडकपणा वाढतो, शॉकप मात्र जुन्याच स्प्रिंगेच्या हिशेबाचा राहतो. त्यात चाक खड्ड्यावर लोंबकळलं, तर आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून सुटूही शकते.

पोलोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकप मुळातच एका दांड्यावर. मागे आडवा बीम असून स्प्रिंग वेगळी, शॉकप वेगळा. त्यामुळे बाजारात कॉइलओव्हर म्हणून मिळणाऱ्या संचातही मागच्या बाजूला बहुधा सुटी स्प्रिंग आणि तिच्याखाली उंची बदलणारं कडं असतं. मागचा सगळा भार शॉकपच्या बोल्टवर टाकायचा, तर ती जागा त्यासाठी बनवलेली नाही.

आता रस्त्याकडे येऊ, कारण निर्णय तिथे होतो. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पाया नीट न भरता केलेला डांबरी रस्ता दोन-चार वर्षांत लाटांसारखा होतो. समजा, दर १५ मीटरला एक लाट आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली आहे. मग सेकंदाला साधारण दीड हेलकावा बसतो. साध्या मोटारीची स्वतःची हेलकाव्याची लय सेकंदाला १ ते १.५ असते, स्पोर्ट्‌स कारची १.५ ते २. म्हणजे ऐन प्रवासाच्या वेगात रस्त्याची आणि गाडीची लय जुळते आणि दर लाटेला गाडी जास्त उसळते. ही उसळी मोडायला कडक स्प्रिंग कामाची नाही, तिथे दमदार शॉकपच हवा. लांबच्या खराब रस्त्यावर साध्या शॉकपमधलं तेल तापतं, फेसाळतं आणि त्याची पकड सुटते. दाबाखाली नायट्रोजन भरलेला एकनळी शॉकप तिथे टिकून राहतो.

उंचीचा हिशेबही करून पाहा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमाचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, त्याच्या गोलाईची त्रिज्या १७ मीटर. चाकांमधलं अंतर अडीच मीटर धरलं, तर त्यावरून जाताना गाडीच्या पोटाखालची जागा फक्त साडेचार सेंटीमीटरच्या आसपास कमी होते. असा गतिरोधक बुटकी गाडीही सहज ओलांडेल. पण गावात लोकांनी रातोरात घातलेला हातभर रुंदीचा उंचवटा दोन चाकांच्या मधोमध येतो आणि त्याची सगळीच उंची पोटाला भिडते. त्यात चार माणसं आणि फराळाचे डबे भरलेली गाडी आधीच दबलेली असते.

शिवाय मॅकफर्सनची गाडी फार खाली आणली, की वळणावर ती कमी कलेल ही आशाही फोल ठरते. खालचा हात आडवा होऊन पुढे वरच्या दिशेला झुकतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. कलायला लावणारी तरफ उलट लांबते. वीस-पंचवीस मिलिमीटर खाली आणण्यात शहाणपण आहे. त्यापुढे सगळा दिखावा.

कॉइलओव्हर वाईट नाहीत. जो ट्रॅकवर जातो, चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून कोपऱ्यांचं वजन जुळवतो, आज ट्रॅकसाठी आणि उद्या घरी परतताना उंची बदलतो, त्याच्यासाठी तेच योग्य. पण ज्याला एकदा उंची लावून पुन्हा कडं हलवायचं नाही, त्याने आट्यांसाठी पैसे का मोजावेत? उसाच्या हंगामातली धूळ आणि पावसाळ्यातला चिखल त्या आट्यांत बसून कडं जाम होतं. धुऊन, पुसून, वंगण लावून ते जपावं लागतं.

कायदाही पाहून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. एमएच-२५ची गाडी असेल, तर धाराशिवच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करावी.

काम कुठेही करा, मिस्त्रीजवळ उभं राहून एक गोष्ट मात्र पाहा. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळू देऊ नका. आधी सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवायची, वजन पडू द्यायचं, मगच आवळायचे. नाहीतर बुश कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट. नवी स्प्रिंग थोडी बसते, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर चारही कोपऱ्यांची उंची मापून अलाइनमेंट पुन्हा तपासून घ्यावी.