सैल सोडायला शिकवताना

‘मॅडम, खाली आग होते,’ एवढं बोलून ती गप्प होते. सोबत आलेल्या सासूबाईंना मी बाहेर बसायला सांगते, दार लावते. मग विचारते: संबंधाच्या सुरुवातीलाच दुखतं की आत खोलवर? पहिल्यापासून की बाळंतपणानंतर? आग योनीच्या तोंडाशीच होत असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो, टाक्यांचा व्रण असू शकतो. पाळी गेल्यावर किंवा अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी होऊन कोरडेपणाही येतो. खोल दुखतंय आणि पाळीतही असह्य कळा येतात, तर एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यावी लागते. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी आधी, माझी फिजिओथेरपी नंतर.

पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. दुखेल या धास्तीने ती आपोआप आवळते, आवळल्यामुळे आणखी दुखतं. बाई हे मुद्दाम करत नाही. ‘मनातून भीती काढ, सगळं नीट होईल’ हा सल्ला ऐकला की माझा संताप होतो.

‘थांबा म्हणालात की मी थांबणार,’ हे तपासणीआधी सांगते आणि पाळते. ओली केलेली कापसाची काडी योनीच्या तोंडाशी, घड्याळाच्या आकड्यांच्या क्रमाने, हलकेच टेकवत जाते. सहाच्या आसपास तिच्या पायाचे अंगठे वळतात, मांड्या जवळ येतात, श्वास अडकतो. मी काडी बाजूला ठेवते, तिचा हात तिच्याच पोटावर ठेवायला लावते. श्वास आत घेताना पोट वर येऊ द्यायचं, लघवी सुरू होताना सोडतो तसं खाली सोडायचं. चार-पाच श्वासांनंतर अंगठे सरळ होतात. व्हिडिओ बघून आवळण्याचे व्यायाम करत असेल तर ते तूर्त बंद करायला सांगते. आधीच आखडलेल्या स्नायूंना ते त्रासाचेच ठरतात.

पुढे योनीत घालायचे सिलिकॉनचे डायलेटर येतात. पहिला करंगळीएवढा. भरपूर जेल लावून तो तिनेच धरायचा, तिनेच थांबायचं, पुढचा आकार कधी घ्यायचा तेही तिनेच ठरवायचं. एका खोलीच्या घरात कडी असलेली जागा बाथरूमचीच, त्यामुळे पाय पाटावर टेकवून उभ्याने कसं करायचं, हेही शिकवावं लागतं.

तिची हरकत नसेल तर नवऱ्याला बोलावते. उपचार चालू असेपर्यंत संबंधाचा प्रयत्न नको, हे त्याला समोर बसवून सांगते. बरेच जण ऐकतात. त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नसतं. जो तरीही जबरदस्ती करतो, त्याच्या बायकोला मी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक पाठ करायला लावते. कागदावर लिहिलेला घरी सापडू शकतो.