लग्नपत्रिकाही तपासणारं सरकार: गुप्त पोलीस नेमकं काय करतात?

लाँग वीकेंड आला की महाळुंगे, चाकण, पिंपरीतून गाड्या गोव्याकडे सुटतात. आग्वाद किल्ल्यावर फोटो काढले जातात. १९६१ पर्यंत तिथल्याच तुरुंगात राजकीय कैदी डांबले जायचे. अनेकांचा 'गुन्हा' काय? भाषण केलं, पत्रकं वाटली.

तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचं राज्य होतं. सभेला परवानगी लागायची. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागायची.

साध्या पोलिसांपेक्षा वेगळं काय?

साधे पोलीस गुन्ह्याचा तपास करतात आणि कोर्टाला उत्तर देतात. गुप्त पोलीस माणसाच्या मतांवर नजर ठेवतात आणि उत्तर देतात फक्त सत्तेला. सालाझारच्या अशा दलाचं नाव होतं 'पिडे', स्थापना १९४५. संशयिताला आरोपाशिवाय महिनोन्महिने कोठडीत ठेवायची त्यांना मुभा होती.

ताकद कशात असते?

खबऱ्यांत. शेजारी, सहकारी, कोणीही खबऱ्या असू शकतो म्हटल्यावर लोक घरातही जपून बोलतात. मग प्रत्येकामागे माणूस लावायची गरज उरत नाही. लोक स्वतःच स्वतःवर पाळत ठेवतात.

किंमत कोणी मोजली?

सांगलीच्या मोहन रानडे यांना १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील सशस्त्र हल्ल्यानंतर अटक झाली. शिक्षा २६ वर्षं. पुढे त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, रानडे मात्र १९६९ मध्ये सुटले.

गोव्याच्या पोलिसांत क्रौर्यासाठी कुप्रसिद्ध असलेला काझिमिरो मोंतेरो पुढे पिडेत गेला. १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल देल्गादो यांची स्पेनमध्ये हत्या झाली. त्यात तो दोषी ठरला, पण त्याच्या गैरहजेरीत. वसाहतीत तयार झालेला माणूस शेवटी पोर्तुगीजांवरच सोडला गेला.

ओळखायचं कसं?

तीन प्रश्न विचारा. अटक केलेल्याला कोर्टापुढे उभं करतात का? घरच्यांना ठावठिकाणा कळवतात का? त्या दलाला कोणी जाब विचारू शकतं का?

आपल्या राज्यघटनेचं कलम २२ सांगतं, अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करा. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे कायदे याला अपवाद आहेत. म्हणूनच, ते कोणावर आणि कशासाठी लावले जातात, हे विचारत राहायला हवं.