प्रतिपिंडाची साक्ष

माझ्या थोरल्या भावाचे डायलिसिस सुरू झाले, तेव्हा घरच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी इंजेक्शनांचे एक छोटे खोके आले. त्यावर नाव होते एरिथ्रोपोएटिन. मूत्रपिंडाच्या रुग्णाला रक्तवाढीचे इंजेक्शन कशाला, या प्रश्नापासून माझे वाचन सुरू झाले. विज्ञानाचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. शब्दकोश शेजारी ठेवून शोधनिबंध वाचत गेलो. त्यातून हाती आले ते येथे मांडतो.

एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ, हे संप्रेरक प्रौढ माणसात मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते. रक्तातून पोहोचणारा प्राणवायू कमी पडला की ते वाढते आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवण्याचा निरोप देते. मूत्रपिंड निकामी झाले की हा निरोप्याच उरत नाही. शरीरात ईपीओ असते अत्यल्प. १९७७ साली मियाके, कुंग आणि गोल्डवासर यांनी ते शुद्ध रूपात मिळवले, तेव्हा त्यांना अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णांच्या २,५५० लिटर लघवीपासून सुरुवात करावी लागली. हाती आले काही मिलिग्रॅम. १९८५ मध्ये त्याचे जनुक हाती लागले, हॅमस्टरच्या पेशींमध्ये ते बनू लागले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली.

रुग्णांचे हे औषध दमसासाच्या खेळांतही शिरले. मग ते पकडायचे कसे? येथे प्रतिपिंड कामास येतो. १९७५ मध्ये कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्कपेशी यांचा संकर करून एकाच जातीचा प्रतिपिंड अखंड मिळवण्याची रीत दाखवली. तशाच रीतीने बनलेला ‘एई७ए५’ हा प्रतिपिंड ईपीओच्या सुरुवातीच्या २६ अमिनो आम्लांचा तुकडा वापरून तयार केलेला आहे.

पण गोम अशी, की शरीरातले ईपीओ आणि इंजेक्शनातले ईपीओ यांची अमिनो आम्लांची साखळी एकच. प्रतिपिंडाला दोन्ही सारखेच. फरक असतो तो साखळीला जडलेल्या शर्करांमध्ये आणि त्यामुळे विद्युतभारात. म्हणून फ्रान्सच्या फ्रान्सवाज लास्न आणि जाक द सोरिझ यांनी २००० साली मांडलेल्या चाचणीत आधी जेलमध्ये भारानुसार ईपीओचे पट्टे वेगळे केले जातात. पट्टे कुठे आहेत एवढेच प्रतिपिंड सांगतो. ते कोणाचे, हे त्यांच्या जागेवरून ठरते.

दुसरी अडचण लघवीतल्या इतर प्रथिनांची. पट्टा उजळण्यासाठी पहिल्या प्रतिपिंडाला चिकटणारा दुसरा प्रतिपिंड वापरतात, आणि तो भलत्याच प्रथिनांनाही चिकटतो. लास्न यांनी उपाय काढला. पहिला प्रतिपिंड पडद्यावरच्या ईपीओला चिकटू द्यायचा, पडदा धुवायचा, मग आम्लाने तो प्रतिपिंड सोडवून दुसऱ्या पडद्यावर उतरवायचा. लघवीतली प्रथिने पहिल्याच पडद्यावर राहतात.

मात्र पहिलाच प्रतिपिंड चुकीच्या प्रथिनाला चिकटला, तर ही युक्ती उपयोगी पडत नाही. म्हणून एका पट्ट्यावर निकाल देता येत नाही. पट्ट्यांची संपूर्ण मांडणी पाहावी लागते. केनियाचा धावपटू बर्नार्ड लगाट याचा ‘अ’ नमुना २००३ मध्ये सदोष ठरला आणि पॅरिसची जागतिक स्पर्धा त्याला मुकावी लागली. ‘ब’ नमुन्याने दुजोरा दिला नाही. तो निर्दोष सुटला. पुढच्या वर्षी अथेन्सला त्याने १,५०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले, पण हुकलेली स्पर्धा परत आली नाही.

प्रयोगशाळेतही असेच घडले. कर्कपेशींवर ईपीओचा ग्राहक असतो का, हे पाहण्यासाठी बऱ्याच ठिकाणी वापरलेला एक प्रतिपिंड प्रत्यक्षात एचएसपी७० या वेगळ्याच प्रथिनाला ओळखत होता, असे २००६ मध्ये दाखवले गेले. कर्करुग्णाला हे औषध द्यावे की नाही, या वादात असे पुरावे मांडले जात होते.

भावाच्या रिपोर्टात हिमोग्लोबिनखाली फेरिटिनचा आकडा असतो. ईपीओ लागू पडायला लोह हवे, म्हणून तो तपासतात. आणि तो आकडाही प्रतिपिंडच देतो. मी त्यावर विश्वास ठेवतो. पण साक्षीदाराला विचारतात तसे आता विचारतो : तू नेमके कोणाला पाहिलेस, आणि त्याच्यासारखा दुसरा कोणी तेथे नव्हता ना?