चाकाचा जुना रंग उतरवताना

चाक लोखंडी आहे की अलॉय, हे आधी पाहावं. चुंबक लगेच सांगतो. लोखंडी चाकाला तारेचा ब्रश, घासणं, सँडब्लास्टिंग सगळं चालतं. अलॉयचं तसं नाही. ते अ‍ॅल्युमिनियमचं, आणि कॉस्टिक सोडा रंगाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातो, वर हायड्रोजन वायू सुटतो. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमला चालेल असं लिहिलेलाच पेंट रिमूव्हर घ्यावा, तोही मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून. मिथिलीन क्लोराइडचा रिमूव्हर घरी नकोच. त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत. अमेरिकेने 2019 मध्ये घरगुती रंग काढण्यासाठी त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

ब्लो टॉर्चने रंग जाळणं सर्वांत धोक्याचं. बहुतेक अलॉय चाकांची ताकद उष्णोपचारातून आलेली असते. जास्त आच लागली की ती घटते आणि वरून काहीच दिसत नाही.

टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंगची वजनं आधी काढावीत. रंग निघाल्यावर भेगा निरखून पाहाव्यात. भेग असेल तर ते चाक रंगवूच नये. नवा रंग देताना नट बसतात त्या जागा आणि हबला टेकणारा भाग झाकून ठेवावा. तिथे रंगाचा जाड थर बसला तर घट्ट आवळलेले नटही पुढे सैल होतात.